शुश्रूषेचा पेशा आणि आपल्या मुली
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



या मेळाव्यात मी शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीवर बोलावे, असे ठरले होते. परंतु ती वाटचाल सांगणारी माझ्याहून अधिकारी माणसे या सभागृहात बसली आहेत आणि स्मरणिकेत त्यांचे लेखही येणार आहेत. म्हणून मी समितीकडे विषय बदलून मागितला. त्याला कारण झाला एक अर्ज.

गेल्या महिन्यात एक पालक आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी आपल्याच शाळेची. जीवशास्त्रात उत्तम गुण. तिला बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा होता आणि त्यासाठी शाळेचे काही दाखले हवे होते. ती दाखल्यासाठी आली होती आणि वडील मी तो दाखला देऊ नये, हे सांगण्यासाठी आले होते. ते म्हणाले, "बाई, डॉक्टर होत असेल तर शेत विकतो. नसेल तर साधी बी.एस्सी. करू द्या. पण सिस्टर नको. आमच्या घरात कोणी हे काम केलेलं नाही." हे गृहस्थ आज इथे उपस्थित आहेत. त्यांचे नाव मी घेणार नाही आणि त्यांनीही मान खाली घालू नये. कारण त्यांनी जे म्हटले, ते वीस-बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः म्हटलेले आहे.

तेव्हा मी वर्गशिक्षिका होते. वर्गातील एका हुशार मुलीने मला विचारले, "बाई, नर्सिंगला जाऊ का?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "एवढे गुण मिळवून नर्सिंग? त्यापेक्षा बी.एड. कर." तिने ऐकले. शिक्षिकेचा शब्द मुली ऐकतात, हीच या पेशातली भीतीची गोष्ट आहे. आज ती एका छोट्या खासगी शाळेत तुटपुंज्या वेतनावर शिकवते. तिने माझ्याकडे कधी तक्रार केलेली नाही. पण मला माझ्या त्या उत्तराची लाज वाटते, आणि ती वाटायला लागली ती एका आजारपणात.

काही वर्षांपूर्वी माझी पोटाची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, अशी रुग्णालये सर्वत्र आहेत. रात्री त्या वॉर्डात बत्तीस खाटांना एक परिचारिका होती. वय फार तर चोवीस-पंचवीस. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास ती माझी नाडी मोजून गेली आणि दहा मिनिटांत परत आली. पुन्हा मोजली. रक्तदाब घेतला. माझ्या पापण्या ओढून पाहिल्या, पोटावर हात ठेवून पाहिला. मला काहीही होत नव्हते, फक्त तहान लागली होती आणि थोडी अस्वस्थता होती. तिने मला पाणी दिले नाही आणि डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून "सकाळी बघू" असे काहीतरी उत्तर आले असावे, कारण तिचा आवाज एकदम चढला. ती म्हणाली, "सर, नाडी शहाण्णववरून एकशे अठरावर गेली आहे आणि रक्तदाब उतरतो आहे. तुम्ही आत्ता यायला हवं." आत रक्तस्राव होत होता. पहाटेपूर्वी मला पुन्हा शस्त्रक्रियेला नेले. डॉक्टरांनी मला वाचवले हे खरेच आहे. पण डॉक्टरांना झोपेतून उठवले तिने. बत्तीस खाटांमधून माझी नाडी तिच्या लक्षात राहिली, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. त्या रात्री एकतिसाव्या खाटेवर कोणाचे काय झाले असेल, हा विचारही मनातून जात नाही.

तेव्हा 'सिस्टर नको' या दोन शब्दांच्या मागे काय आहे, ते आज आपण जरा उघडून पाहू.

आपल्या समाजात आजाऱ्याची सेवा हे पुण्य मानले गेले, पण ती सेवा घरातल्या माणसाची. परक्याच्या शरीराला, मलमूत्राला, रक्ताला हात लावणे हे विटाळाचे काम ठरले. बाळंतपण करणारी सुईण गावाला हवी असे, पण ती ओसरीच्या खालीच बसे. आपल्या छत्तीसगडमध्येही नाळ कापणाऱ्या बाईची हीच कथा आहे. जे काम केल्यावाचून कोणी जन्माला येत नाही, ते काम करणारीला आपण उंबरठ्याबाहेर ठेवले. पुढे इंग्रजी अमदानीत रुग्णालये आली, तेव्हा तिथे परिचारिका म्हणून प्रामुख्याने युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती झालेल्या स्त्रियाच दिसत. त्यामुळे विटाळाच्या जोडीला धर्म बुडण्याची भीती आली. रात्रपाळी आणि परपुरुषाची शुश्रूषा यांनी उरलेले पूर्ण केले.

या भिंतीला पहिले धक्के मराठी मुलखातच बसले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी काय केले, ते आपल्या शाळेतील पाचवीचे मूलही सांगेल. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला, तिथे मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणून हार घालतो. त्यांचा अंत मात्र परिचारिकेचा आहे, हे आपल्या भाषणांत फारसे येत नाही. माझ्याही आले नव्हते.

शिक्षित परिचारिकेचा विचार केला तर १८९१ मध्ये मुंबईत बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून परिचर्येच्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. त्यांच्याविषयी याहून अधिक फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. पहिल्या डॉक्टर स्त्रीवर आपल्याकडे कादंबरी निघाली, नाटक आले, चित्रपट आला. पहिल्या परिचारिकेचे मात्र नावच तेवढे उरले.

खरे काम झाले पुण्याच्या सेवासदनात. न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले आणि थोड्याच काळात तिथे परिचर्येच्या शिक्षणाची शाखा निघाली. ससून रुग्णालयात शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहाची सोय झाली. त्या काळच्या पुण्यात ब्राह्मण घरातील विधवेने रुग्णालयात जाऊन परक्यांच्या जखमा धुणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. रमाबाईंनी त्यांना प्रथम उपदेश केला नाही, राहण्याची जागा दिली. ज्या घरात त्या सुरक्षित राहतील आणि जिथून त्यांच्याविषयी कोणी वाईट बोलू शकणार नाही, असे घर. मुलींना नव्या व्यवसायात पाठवायचे असेल तर भाषणाआधी वसतिगृह लागते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आज बस्तरच्या किंवा आपल्या कॅम्पमधल्या मुलीची पहिली अडचण कोणती, असे मला विचारले तर माझे उत्तर हेच असेल.

एवढे होऊनही मराठी समाज या पेशापासून पुष्कळसा दूर राहिला आणि केरळची मुलगी पुढे गेली. आपण भिलाईकरांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे आली. आपले वडील-आजोबा नागपूर, भंडारा, अमरावतीकडून आले, फिटर झाले, वेल्डर झाले, कारकून झाले. केरळच्या कोट्टयम, पत्तनंतिट्टाकडच्या मुली एकट्या, दोन-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून आल्या आणि सेक्टर ९ च्या रुग्णालयात उभ्या राहिल्या. पॉवर हाऊसच्या स्थानकावर पत्र्याची पेटी घेऊन उतरलेल्या त्या मुली इथल्या कित्येक ज्येष्ठांना आठवत असतील. त्यांना ना हिंदी येत होती, ना इथला उन्हाळा ठाऊक होता. आपल्यापैकी अनेकांचा जन्म त्यांच्या हातांवर झाला. त्यांच्या पगारातून तिकडे भावंडांची शिक्षणे झाली, घरे उभी राहिली, आणि हळूहळू तिथला समाज परिचारिकेकडे आदराने पाहू लागला. प्रतिष्ठा आली ती पगारामागून आली, हे आपण स्पष्टपणे मान्य करावे.

त्या रुग्णालयाचा जळीत विभाग सर्व मध्य भारताला माहीत आहे. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कारखान्यात कोक ओव्हनच्या वायुवाहिनीला आग लागली, तेव्हा होरपळलेल्या कामगारांना तिथेच नेले होते. भाजलेल्या माणसाचे ड्रेसिंग म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला मी काही सांगायला नको. चिकटलेली पट्टी कातडी न ओढता सोडवायची, त्याच्या ओरडण्याने हात थरथरू द्यायचा नाही, जंतुसंसर्गाची पहिली खूण वासावरून ओळखायची आणि हे सारे उद्या, परवा, महिनाभर करत राहायचे. पोलादाच्या शहरात राहणाऱ्या आपल्याला हे काम 'हलके' वाटावे, याचा मला अचंबा वाटतो.

आता थोडे देशाच्या हिशेबाकडे येते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला. त्या वेळी अखंड ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीने १९७१ पर्यंत ५०० लोकांमागे एक परिचारिका असावी, असे ध्येय ठेवले. काही वर्षांपूर्वीच्या सरकारी आकड्यांप्रमाणे नोंदणी झालेल्या परिचर्या कर्मचाऱ्यांची संख्या ३३ लाखांहून अधिक होती आणि हजार लोकांमागे जेमतेम दोन, नेमके सांगायचे तर १.९६, असे प्रमाण पडत होते. जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला देऊन हजारामागे तीनचे प्रमाण सांगितले जाते. बरे, नोंदवहीतली प्रत्येक परिचारिका वॉर्डात उभी असते असेही नाही. कोणी परदेशी गेली, कोणी निवृत्त झाली, कोणाचे लग्नानंतर सासरच्यांनी काम सोडवले. नाव वहीत राहते. माझ्या त्या बत्तीस खाटांचे गणित या नोंदवहीत सापडणार नाही.

टंचाई केवळ आपल्याकडे आहे असे नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगात ५९ लाख परिचारिकांची तूट सांगितली. २०२५ च्या अहवालात ती ५८ लाखांवर आली, म्हणजे पाच वर्षांत आणि एका महासाथीनंतर फारसे काही बदलले नाही. श्रीमंत देशांत म्हातारी माणसे वाढली आणि तरुण हात कमी झाले. मग ते हात आपल्याकडून नेले जातात. जर्मनी, इंग्लंड, आखाती देश सर्वांना आपल्या परिचारिका हव्या आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यातही परिचारिका आहेत. आपण छत्तीसगडचे रहिवासी असल्यामुळे त्या कराराचा लाभ आपल्या मुलींना सरळ मिळेलच असे नाही, पण वाट कुठे चालली आहे हे त्यावरून दिसते. ज्या देशात स्वतःच्याच वॉर्डात माणसे कमी आहेत, त्याने मुली बाहेर पाठवाव्यात का, असा प्रश्न इथे कोणाच्या तरी मनात आला असेल. मलाही तो पडतो. मात्र ज्याने इथे तिला जगण्यापुरते वेतन दिले नाही, त्याने तिला देशप्रेम शिकवू नये, एवढे मला निश्चित वाटते.

वेतनाचेच बोलायचे तर २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीविषयी केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. समितीने शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. ती किती झाली, हे आपल्याच जी.ई. रोडवरील लहानमोठ्या दवाखान्यांत काम करणाऱ्या मुलींना विचारावे. केरळात २०११-१२ मध्ये परिचारिकांनी मोठी आंदोलने केली, ती याच वेतनासाठी आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याच्या पद्धतीविरुद्ध.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि इथे अरुणा शानबाग यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील ही परिचारिका मूळची कर्नाटकातील हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तिच्यावर अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी तिने अखेरचा श्वास घेतला, तोवर ती त्याच रुग्णालयाच्या एका खाटेवर होती. जवळजवळ बेचाळीस वर्षे. ही हकीकत आपण हल्ल्याची म्हणून ऐकतो आणि हळहळतो. मला तिची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. नातेवाईक दूर गेल्यावर तिला सांभाळले ते तिथल्या परिचारिकांनी. ज्यांनी तिला चालताबोलताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्यांनी भरवले, पुसले, कूस बदलली, आणि त्यांच्यामागून अशा मुली आल्या की ज्या १९७३ मध्ये जन्मल्याही नव्हत्या. तिला तेथून हलवण्याचा विचार झाला तेव्हा त्यांनी विरोध केला. २०११ मध्ये तिच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्या वेळी डॉक्टरांच्या अहवालात तिच्या अंगावर शय्याव्रण नसल्याचे नमूद झाले आणि न्यायालयाने त्या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पंधरा दिवसांत पाठीला जखमा होतात, हे ज्यांच्या घरी वृद्ध आहेत त्यांना ठाऊक आहे. तिथे चार दशके दर थोड्या तासांनी कोणीतरी तिची कूस बदलत होते. आपल्या पालकांना मुलीच्या रात्रपाळीची भीती वाटते, ती या घटनेच्या पार्श्वभूमीवर खोटी म्हणता येणार नाही. मात्र त्यासाठी मुलीला घरात ठेवावे, की कपडे बदलण्याची सुरक्षित खोली, उजेडाचा रस्ता आणि रात्रीचे वाहन रुग्णालयाकडून मागून घ्यावे, हे आपण ठरवायचे आहे. कारखान्यात रात्रपाळीला जाणाऱ्या मुलाला आपण कधी घरी बसवले नाही.

आता मी जे सांगणार आहे ते आपल्या शहरापासून दूर नाही. आपल्या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींत १९७७ मध्ये गोळीबार होऊन अकरा कामगार मेले. पुढे खाणकामगारांच्या संघटनेच्या एक पदाधिकारी, कुसुमबाई, बाळंतपणात दगावल्या. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील त्या कामगारांनी मग स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून रुग्णालय बांधले. ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले, त्याचे नाव शहीद हॉस्पिटल. नियोगींच्या राजकारणाविषयी या सभागृहात दोन मते असतील, आणि १९९२ च्या जुलैमध्ये आपल्या पॉवर हाऊसच्या रुळांवर जे घडले त्याची आठवण अजून ओली आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला सांगायचे आहे ते परिचारिकांविषयी. त्या रुग्णालयाला शिकलेल्या परिचारिका मिळण्यासारख्या नव्हत्या. डॉक्टरांनी कामगारांच्याच घरांतल्या माणसांना, फारसे न शिकलेल्या स्त्रियांना, हाताशी धरून शिकवले. ताप मोजणे, जखम बांधणे, सलाईन लावणे, हगवणीत मीठ-साखरेच्या पाण्याचे महत्त्व पटवणे. ज्यांच्या नातेवाइकांना उपचार मिळाले नव्हते, त्याच आता उपचार करू लागल्या.

याच मातीत पुढे मितानिन आली. २००२ मध्ये छत्तीसगड शासनाने ही योजना सुरू केली, आणि देशभर आशा कार्यकर्ती आली ती त्यानंतर, २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात. छत्तीसगडीत मितान-मितानिन म्हणजे विधिपूर्वक जोडलेली मैत्री, सख्ख्या नात्याहून घट्ट. प्रत्येक पाऱ्यातली एक बाई सर्व पाऱ्याची मितानिन. आपल्या मराठी मुलखात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून, आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, गावातल्या साध्या स्त्रियांकडून हेच करून दाखवले. गडचिरोलीच्या आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटवले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. मी हे दोन कारणांनी सांगते. एक तर, शुश्रूषा ही डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभे राहण्याची कला नाही, ती स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते. दुसरे असे की, या स्त्रिया मोबदल्यावर राबतात, पगारावर नाही, आणि त्यांच्या कर्तबगारीचे कौतुक करताना आपण सोयीने ते विसरतो.

बाईंनी अडचणी फार सांगितल्या, असे त्या पालकांच्या मनात येत असेल. पण न सांगता मुलीला पाठवणे मला मान्य नाही. २२ मार्च २०२० ला आपण गच्चीवर थाळ्या वाजवल्या. एप्रिल २०२१ मध्ये आपला दुर्ग जिल्हा टाळेबंदीत होता, घराघरांत माणसे जात होती आणि पूर्ण अंग झाकणाऱ्या त्या पोशाखात परिचारिका सहा-सहा तास पाणी न पिता उभ्या होत्या. थाळ्या वाजवणाऱ्या आपल्यापैकी किती घरांनी त्यानंतर आपल्या मुलीला नर्सिंगला पाठवले? मी शाळेच्या दाखल्यांची वही चाळली. उत्तर मला आवडले नाही.

तरीही पुढचे चित्र मला आशादायक दिसते. २०२३ मध्ये १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. त्याच वर्षी केंद्राने वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवीन नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली. केंद्राच्या रुग्णालयांत 'स्टाफ नर्स' हे पदनाम जाऊन 'नर्सिंग ऑफिसर' आले. नावाने पोट भरत नाही, पण घरात सांगताना जीभ अडखळत नाही, हेही खरे. उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्य मंदिरांत झाले, तिथे सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून नर्सिंगच्या पदवीधर मुली बसतात, रक्तदाब-मधुमेह तपासतात आणि ठरावीक औषधे देतात. खेड्यातील माणसाला पहिल्यांदा भेटणारी आरोग्य अधिकारी परिचारिका आहे, हा बदल मोठा आहे. त्यापुढे एम.एस्सी., अध्यापन, अतिदक्षता विभागातील विशेष शिक्षण, प्रसूतितज्ज्ञ परिचारिका अशा वाटा आहेत. आणि मुलांनीही या वाटेने जावे. एम्ससारख्या संस्थांत परिचर्येच्या पाचांतील एक जागा पुरुषांसाठी ठेवलेली आहे. कारखान्यातील कायम नोकऱ्या किती उरल्या, हे मी भिलाईकरांना सांगायला नको.

मराठी माध्यमातल्या मुलीला हे झेपेल का, असे मला नेहमी विचारतात. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, पहिले सहा महिने जड जातात. पण आपल्या मुलीला मराठी येते, हिंदी येते, आणि शेजारणीकडून छत्तीसगडी येते. "पेट पिरावत हे" म्हणणाऱ्या म्हातारीला नेमके कुठे आणि कसे दुखते, हे जी तिच्या बोलीत विचारू शकते, ती अर्धे निदान करून ठेवते. गणित मात्र पक्के हवे. मी मराठीची शिक्षिका, गणितात माझी गती बेताची, तरी एकदा एका परिचारिकेकडून समजून घेतले. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि नळीतून मिलिलिटरला पंधरा थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? ७,५०० थेंब, २४० मिनिटे, म्हणजे एकतीस. आठवीचे त्रैराशिक. ते चुकले तर काय होते, हे माझ्या बत्तीस खाटांच्या वॉर्डात कोणी न सांगता कळत होते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा सगळ्यांना माहीत आहे, पण त्या पहिल्या प्रतीच्या संख्याशास्त्रज्ञ होत्या. सैनिक जखमांपेक्षा अस्वच्छतेने अधिक मरतात, हे त्यांनी आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवले.

पालकांनी एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. रस्तोरस्ती नर्सिंग महाविद्यालयांचे फलक दिसतात. शेजारच्या मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली, तेव्हा अनेक महाविद्यालये निकषांत बसत नसल्याचे आढळले. तेव्हा मान्यतेचे पत्र चालू वर्षाचे आहे का, महाविद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय आहे का, त्यात खरोखर रुग्ण असतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. दुपारी न जाता सकाळी आठला जावे, पाळी बदलण्याच्या वेळी. मुली वॉर्डात दिसल्या नाहीत तर पैसे भरू नयेत. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवायला देऊ नयेत. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल तर चार वर्षांची पदवी, अन्य शाखेच्या मुलींना तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका खुली आहे. ही माहिती शाळेच्या फलकावर लावली आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. महोत्सवानिमित्त शाळेला काय भेट द्यावी, असे अनेकांनी विचारले. प्रवेशद्वाराची कमान नको. बाहेरगावी नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या दोन मुलींच्या वसतिगृहाचा खर्च दरवर्षी निघेल, एवढा निधी करावा. रमाबाई रानड्यांनी सुरुवात वसतिगृहापासून केली होती, हे मघाशी सांगितलेच.

त्या मुलीचे दाखले मी सही करून तयार ठेवले आहेत. ती सज्ञान नाही, म्हणून वडिलांची सही लागेल. अर्जाची मुदत संपायला नऊ दिवस आहेत. मी रोज अकरा ते एक कार्यालयात असते. त्यांनी यावे, सही करायची नसली तरीही यावे, चहा घेऊ आणि पुन्हा बोलू.